विद्रावकाची ध्रुवीयता : एका सूत्राची मर्यादा

‘समान समानात विरघळते’ हे सूत्र पदवीच्या पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याच्या कानावर पडते आणि पदव्युत्तर वर्गातही तो ते तितक्याच निर्धास्तपणे वापरतो. सूत्र खोटे नाही. नॅप्थॅलीन बेंझिनमध्ये विरघळते व पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, एवढे सांगण्यास ते पुरेसे आहे. परंतु समान म्हणजे कशाने समान, या प्रश्नावर आपली क्रमिक पुस्तके बहुधा विद्युत् अपारक स्थिरांकांचे कोष्टक देऊन मोकळी होतात. आमचा आक्षेप आहे तो येथे.

त्या कोष्टकात क्लोरोफॉर्म (सुमारे ४.८) आणि ब्युटिल ॲसिटेट (सुमारे ५.०) शेजारीशेजारी बसतात. वस्तुतः पहिला हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन देणारा, तर दुसरा केवळ तो स्वीकारणारा. उलट फॉर्मामाइडचा स्थिरांक शंभराहून अधिक, म्हणजे पाण्याच्या ७८ हून बराच वरचा. तरीही साधारण तापमानास १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, तर तितक्याच फॉर्मामाइडमध्ये अवघे ९ ग्रॅमच्या आसपास. स्थिरांक हा द्रवाचा सामुदायिक गुण होय. एकेका आयनाभोवती रेणू कसे जमतात, हे त्यावरून कळत नाही.

याहून बोलके उदाहरण आपल्या दाराशीच आहे. हिंजवडीत आज संगणक-कंपन्यांची दाटी असली, तरी तेथून थोड्याच अंतरावरील पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली व पुढल्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिन वेगळे काढण्याची रूढ रीत अशी : गाळलेला किण्वन-द्रव थंड करून त्याचा पीएच २ ते २.५ वर आणावयाचा, की पेनिसिलिन ब्युटिल ॲसिटेटमध्ये उतरते. मग पीएच ७ च्या सुमारास नेला, की ते पुन्हा पाण्यात परतते. दोन्ही विद्रावक तेच राहिले. पालटला तो विरघळणारा पदार्थ. त्याच्या कार्बॉक्सिल गटाचा पीके सुमारे २.८ असल्याने आम्लात तो अनायनित असतो व उदासीन द्रवात आयन बनतो. सारे लक्ष विद्रावकाकडे लावणाऱ्या कोष्टकात या घटनेस जागाच नाही. शिवाय आम्लात पेनिसिलिन झपाट्याने नासते. म्हणून ही सारी घाई आणि थंडावा.

त्याच संस्थेत थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी शोधलेले हॅमायसिन अधिकच अडचणीचे. (ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या ‘पिंप्रिना’ या जातिनामात गावाचे नाव टिकले आहे.) त्याच्या विशाल वलयाची एक बाजू द्विबंधांची, दुसरी हायड्रॉक्सिल गटांची. पाणी त्यास नीट स्वीकारत नाही, हायड्रोकार्बनेही नाहीत. डायमिथिल सल्फॉक्साइड मात्र स्वीकारते. अशा रेणूस ध्रुवीय म्हणावे की अध्रुवीय?

हान्सेन यांनी १९६७ मध्ये विक्षेपण, ध्रुवीयता व हायड्रोजन बंध असे तीन निर्देशांक वेगळे केले. ही सुधारणा मोलाची. पण आयनीभवनाचा हिशेब त्यातही स्वतंत्रपणेच मांडावा लागतो. तेव्हा परीक्षेत ‘पुढील विद्रावक ध्रुवीयतेच्या क्रमाने लावा’ असे विचारण्याऐवजी, पेनिसिलिन पीएच २ व ७ ला बाजू का बदलते, हे विचारून पाहावे.