जाहिरातीत ऑपरेटर, हजेरीत हेल्पर

माझ्या पीएचडीचा विषय काय, असं केडगावात कुणी विचारलं की मी सांगतो, "सरकार कामगाराला कोणत्या खान्यात टाकतं ते." पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "त्यावर चार वर्षं घालवायची?" आजची पोस्ट त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी जागा सांगतो. हे केडगाव दौंडजवळचं नाही, नगर शहराला चिकटलेलं, रेणुकामातेचं केडगाव. पुणे रोडवर पहाटे उभे राहा. सुप्याच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या गाड्यांची वाट बघत पोरं थांबलेली दिसतील. काही जण उलट दिशेला, नागापूरच्या एमआयडीसीत जाणारे. मी त्यांच्याशी बोलतो, आणि त्यांची परवानगी असेल तर पगाराची स्लिप बघतो.

असाच एक जण. सहा वर्षं सीएनसी मशीनवर. ड्रॉइंग वाचतो, ऑफसेट लावतो, जॉब बिघडला तर कुठे बिघडला ते आवाजावरून सांगतो. त्याच्या स्लिपवर पदाच्या खान्यात लिहिलं होतं 'हेल्पर', आणि वर्गवारी 'अकुशल'. मी विचारलं, "घेताना काय म्हणून घेतलं होतं?" त्याने मोबाईलमधली जुनी जाहिरात काढून दाखवली : "सीएनसी ऑपरेटर पाहिजे. ड्रॉइंग वाचता येणे आवश्यक. दोन वर्षे अनुभव."

माझा सगळा प्रबंध या दोन कागदांमधल्या फटीत आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आता सरकारच्या बाजूने बघू. मालकाला माणूस मिळवून द्यायला आपल्याकडे यंत्रणा आहे आणि ती जुनी आहे. १९५९ चा एक केंद्रीय कायदा होता. पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेने रिक्त जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवायच्या, दर तिमाहीला विवरणपत्र भरायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांना 'एम्प्लॉयमेंट कार्ड' आठवत असेल, ते याच केंद्राचं. जागा कळवली नाही तर पहिल्या गुन्ह्याला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये. शिवाय कलम ४ मध्येच लिहिलेलं, की जागा कळवली म्हणून केंद्रामार्फतच भरती करायचं बंधन नाही. म्हणजे कळवा, आणि मग हवं ते करा.

आज त्या केंद्राचं नाव आपल्या जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं लांबलचक आहे. राज्याचं 'महास्वयम्' पोर्टल आहे, केंद्राचं 'नॅशनल करिअर सर्व्हिस' आहे, रोजगार मेळावे आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात १९५९ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला आणि विनिमय केंद्राचं 'करिअर सेंटर' झालं. रिक्त पदं कळवण्याची तरतूद मात्र राहिली.

दुसरी यंत्रणा वर्गवारीची. 'राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण' नावाचा एक जाडजूड दस्तऐवज आहे. १९५८, १९६८, २००४ आणि आता २०१५ ची आवृत्ती. साडेतीन हजारांच्या आसपास व्यवसाय, प्रत्येकाला आठ अंकी क्रमांक. मी तो पुस्तकासारखा वाचला आणि खरं सांगतो, कंटाळा आला नाही. ७२१२ म्हणजे वेल्डर. ७२२३ म्हणजे धातूकामाच्या मशीनचे ऑपरेटर. नवाने सुरू होणारे क्रमांक 'प्राथमिक' कामांचे, त्यात ९३२९ म्हणजे कारखान्यातले बाकी कुठेच न बसणारे मजूर.

या वर्गीकरणाची ताकद मान्य करायला हवी. कोण काय काम करतो, ते त्यात क्रियापदांनी लिहिलंय : मापतो, बसवतो, कापतो, तपासतो. कामाकडे इतक्या बारकाईने बघणारा सरकारी कागद मी दुसरा वाचलेला नाही. पण कौशल्याची पातळी ठरवताना हाच कागद शाळेची वर्षं मोजू लागतो. पहिली पातळी म्हणजे दहा वर्षांपर्यंतचं शिक्षण किंवा अनौपचारिक कौशल्य, दुसरी म्हणजे अकरा ते तेरा वर्षं, असं चढत जातं. काम वाचता वाचता तो एकदम माणसाची मार्कशीट मागतो.

किमान वेतनाची भाषा याहून बरी आहे. तिथे कुशल, अर्धकुशल, अकुशल हे सहसा कामावरून ठरतं, आणि अनुभवाने आलेलं कौशल्य हेही कौशल्यच. आमचा सीएनसीवाला दहावी नापास आहे. पहिल्या मोजमापाने तो तळाला, दुसऱ्याने वरच्या पायरीवर. मालकाला जे स्वस्त, ते मोजमाप स्लिपवर येतं.

तुम्ही म्हणाल, हा आपल्याकडचाच गोंधळ असेल. नाही. हॅरी ब्रेव्हरमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७४ च्या पुस्तकात दाखवलंय, की तिथल्या जनगणनेत मशीन चालवणाऱ्यांचा गट 'अर्धकुशल' ठरवला गेला आणि कागदावर देशाचं कौशल्य वाढलं. घोडागाडी हाकणारा अकुशल आणि मोटार चालवणारा त्याच्या वर! घोडे सांभाळायला काय लागतं हे कुणी विचारलंच नाही. आपल्याकडे गंमत उलटी झालीय. इथे मशीन चालवूनही माणूस खालीच राहतो.

तिसरा खाना आणखी सोयीचा : 'शिकाऊ'. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १८ नुसार असा उमेदवार हा कामगार नसतो. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही वेतन नाही, विद्यावेतन : बारावीला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. पुन्हा कागदावरूनच. शिकवलं जात असेल तर माझी काही तक्रार नाही. पण दुसऱ्या आठवड्यापासून तो उत्पादनाचा पूर्ण आकडा काढत असेल, तर त्याला शिकाऊ म्हणणं ही चुकीची वर्गवारीच आहे.

मालकांचीही बाजू ऐकली. लहान वर्कशॉपवाले म्हणतात, आठ अंकी क्रमांक शोधायला आमच्याकडे माणूस कुठाय? पोर्टलवर जागा टाकली तर फोन येतात, माणूस येत नाही. ठेकेदाराला सांगितलं की सकाळी चार जण दारात. हे खोटं नाही. केडगावात भरतीचं खरं कार्यालय म्हणजे ठेकेदाराच्या सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिथे वर्गवारी एकच असते : "पोरं पाठव."

माझा मुद्दा असा. मालक कामाबद्दल खरं कधी बोलतो? माणूस शोधताना. तेव्हा खोटं बोलून त्याचंच नुकसान, मशीनवर झाडूवाला येऊन उभा राहील. म्हणून जाहिरातीत ऑपरेटर, ड्रॉइंग, अनुभव, सगळं नीट येतं. माणूस आत आला की त्याच कामाचं नाव हेल्पर होतं. म्हणजे योग्य वर्गवारीचा सगळ्यात विश्वासू पुरावा सरकारच्याच पोर्टलवर, मालकाच्याच हाताने लिहिलेला पडलाय. आणि सरकार तो भरती झाली की फाईलबंद करतं. भरतीचं खातं एक, कामगार आयुक्तांचं दुसरं. मेळाव्यात किती जणांना नोकरी लागली हे मोजलं जातं. कोणत्या नावाने लागली, ते नाही.

उपाय फार मोठा नाही. नव्या संहितेने प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंय. जागा ज्या व्यवसाय क्रमांकाने कळवली, तोच क्रमांक नेमणूकपत्रावर आणि तोच पगाराच्या स्लिपवर यावा. बदलला तर मालकाने कारण लिहावं. यासाठी नवं पोर्टल नको, दोन खात्यांनी एकमेकांचे कागद बघितले तरी पुरे. ठेकेदाराच्या ग्रुपवरची भरती यात सापडणार नाही, हे मान्य. पण जी सरकारच्या डोळ्यांसमोर होते, ती तरी सापडेल.

तोवर एक काम तुमचं. तुम्ही किंवा घरातलं कुणी अशा जागेवर लागत असेल, तर ज्या जाहिरातीवरून गेलात तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, तारखेसकट. आमच्या सीएनसीवाल्याने ठेवला होता. का ठेवला, विचारलं तर म्हणाला, "त्यात माझं काम बरोबर लिहिलंय ना, म्हणून."