‘हंस’ आणि त्याचें पाणी

चेलो हें व्हायोलिनच्या कुळांतील खर्जाचें वाद्य. त्यासाठीं, पियानोच्या साथीसह, फ्रेंच संगीतकार कामीय सँ-साँस यांनीं रचलेला ‘हंस’ लोकांच्या तोंडीं ‘मरणारा हंस’ होऊन बसला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मिखाईल फोकिन यांनीं आन्ना पाव्हलोवा यांच्यासाठीं या सुरांवर मरणाचें नृत्य बसविलें, त्याचा हा परिणाम.

स्वरलिपि उघडली, तर मरणाची खूण आम्हांस तींत कोठेंच आढळत नाहीं. किंचित् सावकाश व डौलानें वाजवावें, एवढीच आरंभींची सूचना आहे. शेवटीं सूर विरत जातो, हें खरें. पण त्यावरून हंस दूर गेला, इतकेंच म्हणतां येईल.

या रचनेचें मर्म आमच्या मतें साथींत आहे. चेलोच्या दीर्घ सुरांखालीं पियानोच्या बारीक लाटा चालतात. तें पाणी होय. १८८६ सालच्या मूळ रचनेंत तें दोन पियानोंत वांटलेलें होतें. १८८७ सालीं छापलेल्या प्रतींत तें एकाच वादकाच्या हातीं आलें. त्यानें साथ दुय्यम मानली, कीं तळें आटलें. चेलोवादकानें सूर रडवेला केला, कीं हंस बुडाला.

‘प्राण्यांचा कार्निव्हल’ या विनोदी मालिकेंतील एवढा एकच भाग सँ-साँस यांनीं हयातींत छापूं दिला. संपूर्ण मालिका त्यांच्या मृत्यूनंतर, १९२२ सालीं प्रसिद्ध झाली. थट्टेंतून वेगळें काढून जें त्यांनीं स्वतः जगापुढें ठेवलें, त्यावर दुसऱ्याच्या नृत्यांतलें मरण लादणें न्यायाचें नव्हे. नृत्य थोर असेल. परंतु ही प्रत हातीं घेणाऱ्यानें प्रथम तिच्यांत जें लिहिलें आहे तेंच वाचावें, एवढीच आमची विनंति आहे.