३.२५-१९ : एका ओळीचं रसग्रहण

जुन्या बुलेटच्या टायरची साइडवॉल ओल्या फडक्यानं पुसून उठावाच्या अक्षरांवरून खडू फिरवला, की काळ्यावर पांढरी एक ओळ उमटते: ३.२५-१९, आणि शेजारी ५४पी. दुकानात ही ओळ सहसा कुणी वाचत नाही. ‘बुलेटचा टायर द्या’ म्हटलं की काम भागतं. मला मात्र ती फार आवडते. इतक्या थोड्या अक्षरांत एवढं सांगणारा मजकूर यंत्रांच्या जगात विरळा. जुन्या गाडीला टायर निवडताना ज्याला तो नीट वाचता येतो, त्याची निम्मी अडचण तिथंच सुटते.

३.२५ ही टायरची रुंदी, इंचांत. १९ म्हणजे टायरची तारेची कड रिमवर जिथं बसते तिथला व्यास, तोही इंचांत. उंचीबद्दल ही ओळ काहीच बोलत नाही, आणि तिचं खरं मर्म या न बोलण्यात आहे. जुन्या मापांत उंची साधारण रुंदीइतकीच असायची, म्हणून ती वेगळी छापायची गरज नव्हती. १९ मध्ये दोन्ही बाजूंचे सव्वातीन मिळवले की चाकाचा बाहेरचा व्यास मिळतो, साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटरच्या आसपास. स्पीडोमीटरचा आकडा, गिअरची ओढ, फ्रेमची जमिनीपासूनची उंची, सगळं या न छापलेल्या आकड्यावर उभं असतं.

पुढं ३.६०, ४.१० अशी मापं आली, तेव्हा हा संकेत मोडला. त्यांची उंची रुंदीच्या साधारण चार पंचमांश. त्यामुळं ४.१०-१९ हा टायर अंगानं बराच जाड, पण उंचीला ३.२५-१९ च्या जवळचाच. डनलॉपचा के८१ या घराण्यातला. १९६९ साली आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत माल्कम अपहिलनं ट्रायम्फ बॉनव्हिलवर तासाला १०० मैलांहून जास्त सरासरीनं फेरी मारली, आणि त्या टायरला टीटी१०० हे नाव मिळालं.

मिलिमीटरची मापं उंची उघड सांगतात. ९०/९०-१९ म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर आणि उंची तिच्या ९० टक्के, म्हणजे ८१. सव्वातीन इंच म्हणजे साडेब्याऐंशी मिलिमीटर. फरक दीड मिलिमीटरचा. म्हणून ३.२५-१९ च्या जागी ९०/९०-१९ निर्धास्त चालतो. १००/९०-१९ घेतला तर उंची ९० होते, आणि पूर्ण चाक १५ मिलिमीटरनं मोठं होतं. कागदावर हे किरकोळ वाटतं. जुन्या मडगार्डखाली ते किरकोळ राहत नाही.

आता मधली आडवी रेघ. डोळा तिच्यावरून सहज घसरतो, पण तीही मजकूरच आहे. ती सांगते की हा टायर क्रॉसप्लाय आहे, आतले धागे एकमेकांना तिरपे छेदत गेलेले. रेडियल असता तर तिथं ‘आर’ आला असता. अरुंद रिम आणि त्या काळची फ्रेम या तिरप्या धाग्यांच्या कडकपणावर बेतलेली असते. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला क्रॉसप्लाय असा मेळ जुन्या गाडीवर कधीही घालू नये.

स्विंगआर्मवाली ३५० सीसी बुलेट इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातून १९४९ साली बाजारात आली, आणि १९५५ पासून मद्रासला बनू लागली. पुढं ३.२५-१९, मागंही ३.२५-१९. दोन्ही चाकांना एकच माप हे मला या गाडीचं सगळ्यात देखणं वैशिष्ट्य वाटतं. आंबेनळी घाटाच्या वळणावर गाडी कलताना पुढचं आणि मागचं चाक सारख्याच गोलाईवर फिरतं, म्हणून ती एका संथ लयीत खाली येते आणि त्याच लयीत उठते.

मागं जाड टायर चढवण्याची हौस ही लय मोडते. बुलेटच्याच घराण्यातल्या क्लासिकला काही वर्षं मागं ११०/९०-१८ दिला जायचा, त्याचा हिशेब करून पाहावा: ४५७ अधिक १९८, म्हणजे ६५५ मिलिमीटर. रिम इंचानं लहान केली, टायर जाड केला, तरी व्यास जुन्यापासून जेमतेम सात मिलिमीटर हलला. किती विचारपूर्वक केलेलं काम! पण त्या टायरसाठी रिम आणि स्विंगआर्मही रुंद होते. जुन्या बुलेटची डब्ल्यूएम२ रिम असते १.८५ इंचांची. तिच्यावर जाड टायर गळ्याशी आवळलेल्या पोत्यासारखा फुगतो. कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि रबर मधोमध झिजतं. वळणावर गाडी आधी हट्टानं सरळ राहते, मग एकदम पडते. हौसेखातर गाडीचा स्वभाव बदलणं मला पटत नाही.

शिवाय जागेचा प्रश्न आहेच. मागचं मडगार्ड फ्रेमला, चाक स्विंगआर्मला. स्टँडवर बोटभर दिसणारी फट दोघं बसून खड्ड्यात गेल्यावर किती उरते, ते पाहायला हवं. चेन ताणताना चाक मागंपुढं सरकतं, म्हणून चेन कव्हरपासूनचं अंतरही दोन्ही टोकांना मोजावं.

५४ हा भाराचा सांकेतिक आकडा, म्हणजे २१२ किलो. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटर. गाडी, दोन माणसं आणि थोडं सामान मिळून सव्वातीनशे किलो धरले आणि त्यातले साठ टक्के मागच्या चाकावर, तर ते झाले १९५. वर फार मोकळीक उरत नाही. माप तेच, पण आकडा ४८ असेल, तर तो टायर १८० किलोचाच. मागं तो घेऊ नये.

पुढच्या टायरवर घेरभर धावणाऱ्या सरळ खाचा आणि मागच्यावर ठोकळ्यांची नक्षी, ही जुनी जोडी दिसायलाही सुरेख. पुढचं चाक दिशा धरतं, मागचं गाडी ढकलतं. काही टायर दोन्हीकडं चालतात, आणि त्यांच्यावर पुढं-मागं असे उलट दिशेचे दोन बाण असतात. मागच्या चाकावर मोठा जोर इंजिनाचा, पुढच्यावर ब्रेकचा, आणि हे दोन जोर रबराला विरुद्ध दिशांना ओढतात. म्हणून तोच टायर पुढं बसवताना उलटा फिरवायचा.

कोपऱ्यात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाआधीचा. जुनी गाडी वर्षाकाठी थोडीच धावते, त्यामुळं नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र दगड होतं. बुलेट ३५० नं ३.२५-१९ अगदी अलीकडंपर्यंत सोडलं नाही, म्हणून त्या मापाचा ताजा माल मिळतो. पण १६ इंची चाकांच्या जावाला टायर शोधणाऱ्यानं किमतीआधी हे चार आकडे विचारावेत, आणि साइडवॉल दोन्ही हातांनी वाकवून खाचांच्या मुळाशी बारीक चिरा आहेत का ते उजेडात पाहावं.