सगळी सोंगं आणता येतात

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा संगणकावरचा खेळ २००४ साली आला, तेव्हा खेळाडूपुढं आठ वंश आणि नऊ पेशे मांडून ठेवलेले होते. शिवाय चेहरा, केस, दाढीसुद्धा आपल्या पसंतीची! ब्रह्मदेवानं मला एवढं कधी विचारलं नव्हतं. हौशी नटमंडळींसाठी सर्व्हरही वेगळे. तिथं नावसुद्धा भूमिकेला शोभेलसं हवं. माझी तक्रार एवढीच, की राक्षस मारला तर गुण मिळतात, पण भित्र्या बुटक्याची भूमिका तासभर झकास वठवली तर छदाम नाही. तरी ही मंडळी तिथल्या खानावळीत बसून आपापलं सोंग इमानानं निभावतात. बिनबिदागीचं नाटक! खरा नट मी त्यालाच म्हणतो. पैशाचं सोंग मात्र तिथंही आणता येत नाही हो. नव्या वीराचा खिसा रिकामाच!