देखावा आणि आडोसा : चंद्रपूरच्या आकाशरेषेचे एक वाचन

शहरात झाडे वाढावीत हे सर्वांना मान्य असते, आणि शहराची ओळख पटविणारे कळस, मनोरे, तट व टेकड्या दुरून दिसत राहाव्यात हेही सर्वांना मान्य असते. प्रत्यक्षात मात्र झाड वाढले की दृश्य झाकले जाते आणि दृश्य मोकळे करायचे म्हटले की झाडावर कुऱ्हाड पडते. नगररचनेच्या चर्चेत या पेचाला ‘समतोल’ हे उत्तर दिले जाते. नगररचनाकाराला हा शब्द निरुपद्रवी वाटत असला, तरी मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला तो तसा वाटण्याचे कारण नाही. कारण या शब्दाला मराठी सौंदर्यविचारात स्वतःचा इतिहास आहे. तो इतिहास ध्यानात घेऊन चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील दृश्यांकडे पाहिले असता, समतोलाच्या कल्पनेतील एक मूलभूत उणीव उघड होते. या प्रश्नाचा संबंध नगररचनेपुरता नाही; आपण ज्याला ‘निसर्गवर्णन’ म्हणतो त्याच्या समीक्षेशीही तो निगडित आहे.

‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मर्ढेकरांनी कलाकृतीतील लयबद्ध रचनेची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मांडली. त्यांच्या मते हे संबंध कलाकृतीच्या अंतर्गत घटकांमध्ये असतात. समतोलाचा निर्णय रचनेच्या आतच होतो आणि तो करताना पाहणाऱ्याच्या लौकिक प्रयोजनांना स्थान नसते. चौकटीत बसविलेल्या चित्राविषयी हे म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु शहराला चौकट नसते, आणि शहर पाहणारा त्या शहरातच राहत असतो. झाड आणि आकाशरेषा (म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर उमटणारी शहराची कड) हे एका चित्राचे दोन घटक मानून त्यांच्या वजनाची तुलना करणे म्हणजे मर्ढेकरांचा निकष त्याच्या क्षेत्राबाहेर नेणे होय. पुढे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराला लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखविले. शहराचे दृश्य या दोन्ही ध्रुवांच्या ताणात उभे असते. त्यातील एक ध्रुव गाळून समतोल साधल्याचा दावा करणे सोपे असले तरी ते विश्वासार्ह नसते.

या ताणाची जाणीव मराठी भाषेने आधीच करून ठेवलेली आहे. ‘देखावा’ या शब्दाने आपण निसर्गाचे मनोहर दृश्यही सांगतो आणि खोटा आविर्भावही सांगतो. डोंगरावरून दिसतो तो देखावा, गणेशोत्सवात मांडला जातो तोही देखावा आणि सहानुभूतीचा केला जातो तोही देखावाच. ‘आड’ या शब्दाचेही असेच आहे. जे दृष्टीच्या आड येते ते अडथळा ठरते; पण त्याच ‘आड’पासून ‘आडोसा’ होतो आणि उन्हापावसात मनुष्य त्याचाच आश्रय शोधतो. झाड एकाच वेळी आड येते आणि आडोसाही देते. या दोहोंपैकी कोणता अर्थ खरा, हे झाडाकडे पाहून ठरत नाही. झाडाच्या अलीकडे कोण उभे आहे आणि पलीकडे काय आहे, यांवर ते अवलंबून असते.

केव्हिन लिंच यांनी ‘द इमेज ऑफ द सिटी’ (१९६०) या ग्रंथात शहराच्या वाचनीयतेची कल्पना मांडली. ठळक खुणांच्या आधारे रहिवासी शहराचा नकाशा मनात बाळगतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लंडनने सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटाची दृश्ये १९३०च्या दशकापासून बांधकामाच्या उंचीवर मर्यादा घालून जपली आहेत. त्यांतील एक दृश्य आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. रिचमंड पार्कमधील एका उंचवट्यावरून, सुमारे १६ किलोमीटर अंतरावरचा हा घुमट होलीच्या सदाहरित कुंपणात राखलेल्या एका फटीतून दिसतो. झाडी छाटून ती फट कायम ठेवली जाते. झाड आणि आकाशरेषा यांच्या समतोलाचा हा आदर्श नमुना म्हणावा लागेल. पण तो शक्य होतो तो पाहणाऱ्याची जागा आधीच निश्चित झाल्यामुळे. तो उंचवटा राजाच्या नावाने ओळखला जातो आणि भोवतालचे उद्यान मुळात राजाच्या शिकारीचे रान होते, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. फट कोठे ठेवायची हे ठरविणारा, आणि घुमट दिसावा म्हणून झाडी छाटणारा, हे दोघे निराळे असतात.

चंद्रपुरात अशी एकच निश्चित जागा सापडत नाही. गोंड राजांच्या या राजधानीभोवती दगडी परकोट आहे. शहराच्या स्थापनेचे श्रेय परंपरेने खांडक्या बल्लाळशहाला दिले जाते आणि परकोटाचे काम त्याच्या वारसांच्या काळात पूर्णत्वास गेले. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा ही त्याची चार प्रवेशद्वारे आजही शहराच्या बोलण्याचालण्यात जिवंत आहेत. ही शहराची जुनी आकाशरेषा. नवी आकाशरेषा शहराच्या उत्तरेस दुर्गापूर–ऊर्जानगर परिसरात उभी आहे, ती औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांची. या केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. जुने दोन संच बंद झाल्यानंतरही त्याची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक परिसरांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते.

या दोन आकाशरेषांशी झाडाचे नाते परस्परविरुद्ध आहे. परकोटाच्या सांध्यांत पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळ-उंबरांचे बी पडते, मुळे दगडांमध्ये शिरतात आणि चिरे सुटू लागतात. येथे झाड दृश्य नुसते झाकत नाही. ते दृश्याचा आधारच खिळखिळा करते. परकोट १९५८च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याच्या कक्षेत येतो, तर शहरातील झाड १९७५च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाच्या कक्षेत. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडालाही ‘वारसा वृक्ष’ म्हणून मान्यता दिली. तटावर वाढलेला एखादा जुना पिंपळ म्हणूनच दोन वारशांच्या सीमेवर उभा असतो. शिवाय पिंपळावर मुंजा असतो ही लोकसमजूत कुऱ्हाडीला आणखी एक अडसर घालते. २०१७ साली ‘इको-प्रो’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी परकोट स्वच्छतेची दीर्घ मोहीम हाती घेऊन तटावरील झाडेझुडपे काढली. पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेने झाडे काढावीत, यात वरवर पाहता विसंगती वाटेल. पण या कृतीमागे सूक्ष्म विवेक आहे. झाड म्हणजे केवळ हिरव्या क्षेत्रफळाचा एक भाग नाही, ते कोठे रुजले आहे यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो, हे या मोहिमेने गृहीत धरले होते.

धुराड्यांच्या बाबतीत हेच झाड निराळ्या भूमिकेत येते. औद्योगिक प्रकल्पाभोवती हरित पट्टा राखणे हा पर्यावरणीय अटींचा भाग असतो. धूळ अडविणे हे त्याचे कार्य आवश्यकच आहे. परंतु रस्त्याने जाणाऱ्याच्या दृष्टीने हाच पट्टा पडद्याचेही काम करतो. धुराडे दिसेनासे झाले तरी त्यातून येणारी राख दिसेनाशी होत नाही. ती अंगणात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतेच. येथे आडोसा मिळतो तो रहिवाशाला की धुराड्याला, हा प्रश्न समतोलाच्या भाषेत विचारताच येत नाही. परकोट हा इतिहासाचा साक्षीदार आहे आणि धुराडे हा वर्तमानाचा. एका साक्षीदाराला झाडापासून वाचवावे लागते, तर दुसऱ्याला झाडाआड जाऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागते.

यात काळाचे परिमाण मिसळले की समतोलाचे स्थिर चित्र आणखी विस्कटते. या प्रदेशातील रान पानगळीचे आहे. साग पावसाळ्यात थाळ्याएवढ्या पानांनी गच्च भरतो आणि उन्हाळ्यात निष्पर्ण उभा राहतो. म्हणजे सागाचा पडदा नेमका चैत्र-वैशाखात, चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा, फाटलेला असतो. कडुनिंब मात्र याच सुमारास नव्या पालवीने भरतो. चैत्रात महाकालीच्या यात्रेसाठी मराठवाडा आणि तेलंगणातून भाविक चंद्रपुरात येतात. कळस दिसावा ही त्यांची आस असते आणि कडुनिंबाखाली बसावे ही त्यांची गरज असते. या दोहोंत त्यांना विरोध जाणवत नाही, कारण ते एका जागी उभे राहून पाहत नाहीत. चालता चालता पाहतात. दृश्य आणि सावली त्यांना क्रमाने भेटतात. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ (१९५६) मध्ये निसर्ग महिन्यांच्या क्रमाने लिहिला, यामागील दृष्टीचे महत्त्व येथे कळते. एका क्षणी विरोध वाटणारे घटक वर्षाच्या आवर्तनात लय धारण करतात. मर्ढेकरांची लय अवकाशातून काढून अशा प्रकारे काळात नेली, तर ती शहराच्या विचारालाही उपयोगी पडू शकेल.

पण प्रत्येक विरोध लयीत विरघळत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच वीजकेंद्राच्या आवारात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. त्यानंतर आवारातील दाट झुडपे हटविण्याची मागणी पुढे आली. ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या या परिसरात खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर आणि मोकळ्या जागांवर वाढलेली झुडपे वाघ-बिबट्यांना आडोसा देतात. रात्रपाळीहून परतणाऱ्याला पुढचे वीस पावलांचे अंतर दिसणे हा त्याच्या जिवाचा प्रश्न असतो, आणि वाघालाही आपले रान आक्रसल्यावर आडोसा हवाच असतो. ‘दृश्य’ हा शब्द येथे सौंदर्यशास्त्रातून निघून जगण्यात उतरतो. सौंदर्यविचाराने या प्रसंगाकडे अप्रस्तुत म्हणून पाठ फिरविली, तर पाटणकरांनी दाखविलेला लौकिक ध्रुव आपण सोयीने विसरलो असे होईल.

गडचिरोलीत तर आकाशरेषेची संकल्पनाच अपुरी पडू लागते. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यत्वे रानाचा आहे. दाट रानात क्षितिज नसते. माथ्यावर पानांचे छत आणि पुढे खोडांमागे खोडे. लिंच यांच्या खुणा येथे चालत नाहीत. रानात वाट चुकण्याला मराठीत ‘चकवा’ हा शब्द आहे आणि चकवा टाळण्यासाठी लागणारे ज्ञान दूरदृष्टीचे नसून जवळून पाहण्याचे असते. मारुती चितमपल्ली यांच्या वनविषयक गद्याचे महत्त्व या ठिकाणी आहे. त्यांच्या लेखनाला ‘निसर्गवर्णन’ म्हणणे हा समीक्षेचा आळस होय. वर्णनासाठी वर्णनकर्त्याला दृश्याबाहेर उभे राहावे लागते. चितमपल्लींचे गद्य आत राहून नाव देते. आदिवासींकडून मिळालेली नावे, आवाज, पाऊलखुणा आणि वास यांनी ते भरलेले आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकातही रान देखाव्याच्या रूपाने येत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाची कहाणी सभा, चर्चा आणि निर्णय यांच्या अंगाने पुढे जाते. या लेखनातील रान पाहण्याचा विषय नसून नात्याचा आणि हक्काचा विषय आहे.

याच जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन चालते. २०२३ साली तेथील वार्षिक उत्खननमर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढविण्यास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. हा डोंगर माडिया गोंडांच्या ठाकुरदेवाचे स्थान आहे. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात अन्यत्र झाडे लावता येतात आणि त्यांची संख्या कागदावर जुळविता येते. परंतु डोंगराची कड एकदा खाली आली की तिच्या बदल्यात दुसरी कड उभी करता येत नाही. देव ज्या कडेवर आहे ती कड त्या लोकांच्या दृष्टीने देखावा कधीच नव्हती. झाडांचे क्षेत्रफळ आणि दृश्याचे मूल्य तराजूच्या दोन पारड्यांत घालणाऱ्याला येथे एवढेच कळू शकते की तराजू ज्या जमिनीवर ठेवला आहे तीच खणली जात आहे.

या विवेचनातून झाडे आणि आकाशरेषा यांच्यात कोणते प्रमाण असावे याचे सूत्र हाती येत नाही, आणि तसे सूत्र शोधणे समीक्षेचे काम नव्हे. समीक्षेचे काम ‘समतोल’ या शब्दाने झाकलेले प्रश्न उघडे करणे हे आहे : कोण पाहतो, कोणत्या ऋतूत, कोठे उभा राहून, झाडाआड साक्ष लपते की जीव आश्रय घेतो. परकोट, धुराडे, कडुनिंब आणि सुरजागड यांना या प्रश्नांची चार वेगळी उत्तरे मिळतात, आणि त्यांची सरासरी काढणे म्हणजे चारही नाकारणे होय. मराठी निसर्गपर लेखनाच्या समीक्षेनेही हेच प्रश्न स्वतःला विचारले पाहिजेत. एखाद्या उताऱ्यात रान किती सुंदर उतरले आहे हे सांगून ती थांबली, तर तिच्या हाती देखावा राहील. त्या रानाचा आडोसा ज्यांना लागतो ती माणसे आणि ते प्राणी तिच्या दृष्टीच्या आडच राहतील.