कत्तलीचा धडा आणि मंटोचे ‘सियाह हाशिये’

महाड-पोलादपूर भागातल्या उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आम्ही काही जणांनी गेल्या सुट्टीत सआदत हसन मंटोचे ‘सियाह हाशिये’ मिळून वाचले. वंशसंहाराविषयी मुलांना शिकवायचे, तर आधी शिक्षकाने काय वाचावे, हा आमचा प्रश्न होता. बी.एड.ला पाठाचे टाचण काढायला शिकलो. पण कत्तलीचा धडा आल्यावर कुठे बोलावे, कुठे थांबावे, ते कोणी शिकवले नाही.

१९४८ साली निघालेल्या या पुस्तकात फाळणीच्या दंगलींची शब्दचित्रे आहेत, काही तर दोन-चार ओळींचीच. (वर्गात वाचता येतील अशी त्यांत थोडीच.) ‘करामात’मध्ये एक जण लुटीची साखर लपवण्यासाठी विहिरीत टाकतो, स्वतःही पडतो आणि मरतो. विहिरीचे पाणी गोड लागते, रात्री त्याच्या कबरीवर दिवे लागतात. हे ऐकून मुले हसतात. मग एखादा हळूच म्हणतो, ‘कबर? म्हणजे तो आपलाच!’ या क्षणाला शिक्षक गडबडला, की धडा गेला.

मंटो बहुतेक ठिकाणी मारणाऱ्याचा धर्म सांगत नाही. प्रस्तावनाकार मुहम्मद हसन अस्करींना त्याचे हे निवाडा न देणेच मोलाचे वाटले. आम्हाला ते अर्धेच पटते. दंगलीतला माणूस मंटोइतका कोणी दाखवला नाही, हे खरे. पण वंशसंहार नुसत्या जमावाने होत नाही. त्याला याद्या लागतात, कायदे लागतात, कचेऱ्या लागतात. जर्मनीत ज्यूंचे नागरिकत्व १९३५ सालीच गेले. छावण्यांतल्या सामूहिक कत्तली पुढे झाल्या. ही पायरी मंटोत नाही. ती शिक्षकाने दुसरीकडून आणायची.

आणि ती आणताना मराठवाडा टाळता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार ९ डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला, त्याच सुमारास पंडित सुंदरलाल समिती पोलीस ॲक्शननंतरच्या हैदराबाद संस्थानात फिरत होती. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. अहवाल कित्येक दशके दडून राहिला. वर्गात आम्ही याला वंशसंहार म्हणत नाही. कायद्यात तो शब्द वापरायला समूह नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि जखम मोठी म्हणून शब्द मोठा करू नये. मात्र रझाकारांचे अत्याचारही त्याच तासाला सांगायचे, पुढच्या आठवड्यावर टाकायचे नाहीत. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘मुले घाबरतील, आधीच कमी ऐकतात का?’ त्यांची भीती खोटी नाही. म्हणून आम्ही सुरुवात घराजवळून करतो.

२० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणारे सत्याग्रही आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा महाडात उठली आणि जमाव त्यांच्यावर तुटून पडला. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. तळे मुलांना ठाऊक असते, आसरा ठाऊक नसतो. आम्ही विचारतो : अफवा खरी वाटावी असे आधी काय काय बोलले गेले असेल? दार उघडणाऱ्याला भीती वाटली नसेल का?

पोलादपूरच्या एका मुलीने उलट विचारले, ‘आणि ज्यांनी दार उघडले नाही, ते?’ टाचणात आम्ही हा प्रश्न लिहिला नव्हता. आता लिहिला आहे.