हिमरूची गोष्ट आणि चार सनावळ्या

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, हिमरूची शाल घ्यायला गेलात की शालीबरोबर एक गोष्ट फुकट मिळते. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, सोबत विणकर आले आणि कला इथं रुजली. लगोलग दुसरी गोष्ट: मार्को पोलो दख्खनला आला तेव्हा त्याला हिमरू भेट मिळाला. पर्यटन पुस्तिका असो की दुकानदार, ही जोडगोळी ठरलेली. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातही ती ‘पार्श्वभूमी’ म्हणून अलगद शिरते, म्हणून तिच्याकडे जरा नीट बघू.

नुसत्या सनावळ्या शेजारी-शेजारी मांडा. मार्को पोलो वारला १३२४ मध्ये. म्हणजे विणकर यायच्या आधीच त्याला हिमरू मिळाला! हिमरू दख्खनमध्ये त्याआधीपासून होता म्हणायचं, तर मग तुघलकाची गरजच उरत नाही. आणि हे शहर? मलिक अंबरनं खडकी वसवली १६१० मध्ये, औरंगाबाद हे नाव पडलं १६५३ मध्ये. दौलताबाद जवळच आहे हे खरं, पण मधल्या पावणेतीनशेहून जास्त वर्षांत विणकर कुठे होते, कुणासाठी विणत होते, यावर गोष्ट गप्प.

म्हणून दुकानदाराला खोटारडा ठरवू नका. त्याची गोष्ट चौदाव्या शतकाचा पुरावा नाही. आज कारागिरी कशी विकली जाते याचा मात्र उत्तम पुरावा आहे. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तुघलकाच्या झगमगाटात जवळचा इतिहास झाकला जातो. निजामाच्या राज्यात हिमरूच्या शेरवान्या शिवल्या जात. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि हळूहळू ते गिऱ्हाईक आटलं. हा काळ अजून घरांतल्या जुन्या कपड्यांत, वह्यांत, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात सापडू शकतो. उशीर केला तर तोही जाईल.

शिवाय कापड स्वतःच बोलतं. हिमरूत ताणा सुती, बाणा रेशमी. किनखाबासारखा दिसावा, पण सोन्या-चांदीची जर नको, असा हा हिशेब. नक्षीचा जादा बाणा उलट्या बाजूला सैल राहतो, त्यानं आतून अस्तरासारखा मऊपणा येतो. पुस्तिकांमध्ये फोटो कायम सुलट बाजूचाच! तुम्ही शाल उलटी करून बघा.

आणि दुकानात विचारायचंच असेल तर तुघलकाबद्दल नको. हे हातमागावरचं की यंत्रमागावरचं, ताणा कोण लावतं, नक्षी कोण बसवतं, विणकराला शालीमागे किती मिळतात, हे विचारा. पहिल्या भेटीत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा मिळणार नाही. दुसऱ्यांदा जा, आणि जमलं तर दुकानात नव्हे, मागावर जा.